निबंधात नसलेली कुंदाआत्या

कुंदाआत्या आणि मी एकाच वर्षी मॅट्रिक झालो, पंचावन्न साली. मी सतरा वर्षांची होते, ती तिशीची. मी शाळेतून बसले होते, ती घरून. मला संस्कृतात बावन्न मार्क मिळाले आणि तिला एक्याऐंशी. ती अभ्यास कधी करायची हे आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. अण्णा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "शुभाचा अभ्यास घेता घेता हिचाही झाला की!" शुभा म्हणजे मी, आणि अण्णा म्हणजे माझे वडील. आत्या त्यांची सख्खी धाकटी बहीण.

आम्ही विलेपार्ल्याला, स्टेशनच्या पूर्वेला राहायचो. बैठं घर, पुढे व्हरांडा, मग बाहेरची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे विहीर. घरात अण्णा, आई, मी, माझा धाकटा भाऊ बाळा आणि आत्या. मी पाच वर्षांची असताना आत्या श्रावणात मंगळागौरीसाठी मुलुंडहून माहेरी आली होती. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. गौर झाली, श्रावण सरला, भाद्रपदही सरला, पण तिला न्यायला कुणी आलं नाही. अण्णा दोनदा मुलुंडला जाऊन आले. पहिल्या खेपेला तिथली माणसं "बघू" म्हणाली, दुसऱ्या खेपेला तेवढंही म्हणाली नाहीत. माघात कानावर आलं की तिच्या नवऱ्यानं, दिघ्यांनी, दुसरं लग्न केलं. तेव्हा तसं करता यायचं.

आत्या येताना चार पातळांची एक ट्रंक घेऊन आली होती. ती अण्णांच्या पलंगाखाली सरकवली गेली आणि तिथेच राहिली.

माझी वेणी आत्या घालायची. बाळाला आंघोळ ती घालायची. वेसाव्याची पुतळाबाई मासळी घेऊन दारात आली की पाटीशी ती बसायची, आणि दुपारी आम्ही जेवायला बसलो की वाढायचीही तीच. तिला जेवताना पाहिल्याचं मला आठवत नाही. जेवत असणारच. मी पाहिलं नाही, एवढंच.

मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला की रोज अंधेरीला मी एकटी कशी जाणार. तोडगा आईनंच काढला.

"कुंदावन्संही मॅट्रिक झाल्यात ना? त्यांचंही नाव घाला. सकाळचं कॉलेज. दोघी जातील, दोघी येतील, अकराला घरात."

म्हणजे आत्या कॉलेजात गेली ती माझी सोबत म्हणून. तिला ते ठाऊक होतं. तरी अर्जावर सही करण्याआधी तिनं रद्दीच्या कागदावर चार वेळा सही करून पाहिली. कुंदा वामन दिघे. ते नाव लिहायची वेळ तिच्यावर बारा वर्षांत आली नसावी.

पहिल्याच दिवशी स्टेशनवर मी तिला म्हटलं, "आत्या, वर्गात मला हाक मारू नकोस हं. मुली हसतील."

"बरं," ती म्हणाली.

तिनं ते तंतोतंत पाळलं. मी पुढच्या बाकावर, ती अगदी शेवटच्या. मी कर्णिक, ती दिघे, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. कॉलेजच्या फाटकापाशी आम्ही एकमेकींना सोडायचो आणि तास संपले की फाटकापाशीच पुन्हा भेटायचो. मुली तिला 'त्या बाई' म्हणायच्या. मीही वर्गात तिच्याबद्दल बोलायची वेळ आली तर 'त्या बाई'च म्हणायचे.

मराठीला खांडेपारकर सर होते. तरुण, गोव्याकडचे, खणखणीत आवाजाचे. जुलैत एकदा ते म्हणाले, "या सहामाहीत निबंधाला विषय एकच. घर. तीनदा लिहायचं, तीन बाजूंनी. पहिला निबंध, माझं घर. मला पुस्तकातली वाक्यं नकोत. घर म्हणजे मंदिर, असं कुणी लिहिलं तर वही परत मिळेल."

मी तो निबंध एका दुपारी झोपाळ्यावर बसून लिहिला. मला तो लिहायला कष्ट पडलेच नाहीत. पंधरवड्यानं सर वह्या घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, "एक निबंध वाचून दाखवतो. कर्णिक, उभी राहा. लोकांना बघू दे."

मी उभी राहिले. सर छान वाचायचे. व्हरांड्यातला झोपाळा, त्याच्या कड्यांचा आवाज, वारा पूर्वेचा असला की बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास. सकाळी दाढी करताना अण्णा आरशाला उद्देशून म्हणत तो श्लोक. आईच्या हातचं सोड्यांचं कालवण आणि तिचं रागावणं. बाळाची आगपेट्यांची आगगाडी. दर शनिवारी शेजारून येऊन आमच्या उंबऱ्यावर झोपणारी मांजर. विहिरीतलं म्हातारं कासव, त्याला भाताचं शीत टाकलं की ते कसं वर येतं ते. वर्ग कासवापाशी हसला. सर म्हणाले, "बघा, घरातलं एकही माणूस हिनं सोडलं नाही. कासवसुद्धा!"

तेव्हा मला कळलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. माझ्या पाठीला शेवटचा बाक जाणवत होता. सरांनी वाचलेल्या एकेका वाक्यात मी मनातल्या मनात तिला शोधलं. सोड्यांचं कालवण आत्या करायची, आई नाही. कासवाला शितं टाकायला मला तिनं शिकवलं होतं, कडेवर घेऊन. सगळीकडे ती होती आणि मी तिला कुठेच लिहिलं नव्हतं.

फाटकापाशी ती नेहमीसारखी उभी होती. आम्ही घोडबंदर रोडनं चालू लागलो. त्या दिवशी पाऊस नव्हता, आणि गाडीनं जाऊया असं दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही.

अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "आत्या, मी मुद्दाम नाही गं केलं."

"माहीत आहे."

"खरंच. मला सुचलंच नाही."

"तेच ना," ती म्हणाली. "मुद्दाम वगळलं असतंस तर बरं वाटलं असतं मला."

ती हे रागावून म्हणाली नाही. हातातली वही तिनं या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे म्हणाली, "चल लवकर. वहिनींनी डाळ शिजत घातली असेल, फोडणी राहिलीय."

संध्याकाळी ती विहिरीवर असताना मी तिची वही उघडली. तिनंही आमच्याच घरावर लिहिलं होतं. कुठलं कौल पावसात गळतं, माजघरात ऊन किती वाजता कुठपर्यंत येतं, अण्णा खोकले की आईला जाग येते की नाही, बाळा झोपेत कुणाला हाका मारतो. माझी वेणी कुठल्या बाजूला सैल पडते, तेही होतं. चार पानांत आम्ही चौघं अगदी चालतीबोलती. पण 'मी' हा शब्द एकदाही नव्हता. खाली सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं: 'घर स्पष्ट दिसलं. तुम्ही दिसला नाहीत. तुम्ही कुठे आहात?'

दुसऱ्या निबंधाचा विषय होता, 'घरातली माझी जागा'.

हा विषय मिळाल्यावर आत्या घरात विचित्र वागू लागली. काम करता करता मध्येच थांबायची आणि खोलीकडे बघत राहायची. एकदा तिनं मला विचारलं, "शुभा, माझी जागा कुठली गं?"

"स्वयंपाकघर," मी म्हटलं.

"ते वहिनींचं. मीठसुद्धा त्यांना विचारून घालते मी."

"मग माजघर. तू झोपतेस तिथे."

"अंथरूण घालते. सकाळी काढते."

दुसऱ्या दिवशी तिनं आईलाही विचारलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वन्सं, अहो अख्खं घर तुमचंच आहे की! हे काय काढलंत?"

"हो ना," आत्या म्हणाली आणि सुपातले खडे वेचायला बसली.

वह्या द्यायच्या दिवशी तिच्या पानावर एकच ओळ होती. 'शोधते आहे. मुदत वाढवून मिळावी.' सरांनी वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन आठवडे. पुरतील?"

"बघते," ती म्हणाली.

गणपती झाल्यावर एका बुधवारी तिनं मला फाटकापाशी सांगितलं, "तू आज एकटी घरी जा. मला मुलुंडला जाऊन यायचंय. वहिनींना सांग, लायब्ररीत थांबली."

मी घाबरले. "कशाला?"

"घर बघून येते. दोन वर्षं राहिलेय मी तिथे. जागा तिथे राहिली असली तर?"

"मी पण येते."

ती नको म्हणाली असती तर मी ऐकलं असतं का कोण जाणे. पण ती म्हणाली, "चल." दादरला गाडी बदलून आम्ही भरदुपारी मुलुंडला उतरलो. बायकांच्या डब्यात आम्ही दोघी आणि एक पेंगणारी भाजीवाली, एवढ्याच होतो. सबंध प्रवासात आत्या एक वाक्य बोलली. "मागच्या खोलीला मोठी खिडकी होती. तिच्यातून सगळा डोंगर दिसायचा."

पाच रस्त्याच्या चौकापासून आत गेलं की आखीव गल्ल्या होत्या. ती कुठेही न थांबता, कुणाला न विचारता एका घरापाशी आली. दार उघडंच होतं. आत एक बाई पाळण्याची दोरी ओढत बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल, गोरी, डोळ्यांखाली काळं. तिनं आमच्याकडे पाहिलं, आणि दोरी हातातून सुटली.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं, पण आवाजावरून वाटलं, तिला कळलंय.

"मी कुंदा," आत्या म्हणाली. "ही माझी भाची. मी इथे राहायचे पूर्वी."

बाई उठून उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. "ते ऑफिसात आहेत. सहाला येतात."

"त्यांना भेटायचं नाही. पाच मिनिटं बसू का?"

तिनं सतरंजी घातली. पाणी आणलं, मग न विचारता चहाही टाकला. तिचं नाव माणिक. मोठे दोघे शाळेत गेले होते, पाळण्यात तिसरी होती. सासू जाऊन चार वर्षं झाली होती. हे सगळं तिनं स्वयंपाकघरातूनच सांगितलं, आमच्याकडे पाठ करून. कपबशी पुढे ठेवताना मात्र ती एकदम म्हणाली, "नवा कायदा झालाय म्हणतात. तुम्ही त्यासाठी आलात का? आमचं लग्न आधीचं आहे. माझी तीन मुलं आहेत हो."

"नाही, नाही," आत्या म्हणाली. "मला निबंध लिहायचाय."

माणिकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "कॉलेजात दिलाय. खरंच."

त्यांचा विश्वास बसला नसावा. पण थोड्या सैलावल्या. समोर बसल्या आणि मग दोघींनी बराच वेळ एकमेकींना पाहून घेतलं. माणिकबाईंनी हळूच विचारलं, "एक विचारू? तुम्हाला का सोडलं त्यांनी?"

आत्यानं कप बशीत ठेवला. "मी तेच तुम्हाला विचारणार होते," ती म्हणाली.

"मला कसं माहीत असणार? या घरात तुमचं कधी कुणी नावच काढलं नाही. सासूबाई नाही, हे नाही. शेजारणींकडून कळलं की आधी एक होती. मी ह्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, झालं ते झालं. तुमचं नाव काय, तेसुद्धा मला आत्ता कळलं."

पाळण्यातली मुलगी कुरकुरली. माणिकबाईंनी बसल्या जागेवरून दोरी ओढली.

"भांडण झालं होतं का?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही. मी कुणाला उलटून बोलले नाही."

"मीही नाही बोलत," माणिकबाई म्हणाल्या.

मग आत्यानं मागची खोली बघू का म्हणून विचारलं. आम्ही तिघी आत गेलो. अंथरुणांची वळकटी, कोनाड्यात देव, आणि खिडकी. तिला मोठी म्हणायचं म्हणजे अवघड होतं. दोन हात रुंदीची, चार गजांची. डोंगर दिसत होता, पण शेजारच्या नव्या घराच्या भिंतीवरून जेवढा दिसेल तेवढाच. आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. गजाला हात लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. रडेल असं मला वाटलं होतं, पण ती नुसती बुचकळ्यात पडल्यासारखी दिसली.

"एवढीशीच होती का?" तिनं विचारलं.

"मी आले तेव्हापासून एवढीच आहे," माणिकबाई म्हणाल्या.

निघताना त्यांनी आत्याला कुंकू लावलं. लावताना थबकल्या, लावावं की नाही असं झालं असेल त्यांना, मग लावलंच. म्हणाल्या, "मी ह्यांना सांगणार नाही तुम्ही आला होता ते." आत्या म्हणाली, "सांगितलंत तरी चालेल. ते म्हणतील, झालं ते झालं." आणि दोघी किंचित हसल्या. त्या हसण्याचा अर्थ लागायला मला स्वतःचा संसार करून पाच-सहा वर्षं जावी लागली.

मुलुंडच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "तिला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं गं." मी तिचा हात धरला. तिचं नाव माहीत असूनही मी ते लिहिलं नव्हतं.

घरी आईला खरं ते मीच सांगितलं. आई म्हणाली, "अण्णांना नको सांगूस. त्यांना लागेल." मग आत्याला हाक मारून म्हणाली, "वन्सं, हातपाय धुऊन घ्या. मी वाढते." त्या दिवशी आत्या आमच्याबरोबर पानावर बसली. बाळा तिच्याकडे टकमक बघत होता.

दुसरा निबंध तिनं मुदतीच्या आत दिला. तो मी वाचलेला नाही. तिनं वही लगेच ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला पहिल्यांदाच कुलूप घातलं. एवढं माहीत आहे की सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं, तेव्हा मी दाराशी उभी होते. तो निबंध त्यांना कॉलेजच्या वार्षिक अंकात छापायचा होता.

आत्या म्हणाली, "त्यात दोन घरांतली माणसं आहेत, सर. त्यांना विचारल्याशिवाय कसं छापायचं?"

"मग विचारा ना."

"विचारायचं म्हणजे वाचून दाखवावं लागेल."

"ते होणार नाही म्हणता?"

"आत्ता तरी नाही," ती म्हणाली. अंकात तो आला नाही.

तिसऱ्या निबंधाच्या आधी सरांनी वर्गाला तोंडी विचारलं, "घर म्हणजे काय? एकेकानं एका वाक्यात सांगा." जिथे आई आहे ते घर. जिथे भूक लागते ते घर. एक उंच मुलगा म्हणाला, जिथे भाडं थकवता येतं ते घर, आणि वर्ग खदखदला. सर शेवटच्या बाकापर्यंत आले. "दिघे, तुम्ही?"

आत्या उभी राहिली. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. ती म्हणाली, "मला माहीत नाही, सर. कळलं की सांगेन."

पुन्हा हसू फुटलं, यावेळी निराळं. माझ्या शेजारची मुलगी तोंडावर रुमाल धरून म्हणाली, "ऐकलंस का, त्या बाई बघ ना!" आत्या उभीच होती, बसायचं तिच्या लक्षात येत नव्हतं. मी मागे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्या, बस गं."

शेजारचीनं रुमाल खाली घेतला. "तुझी आत्या आहे?"

"सख्खी," मी म्हटलं. "आमच्याच घरात राहते."

चार वर्षांनी आम्ही दोघी बी.ए. झालो. मी पास, ती दुसऱ्या वर्गात. निकाल लागून महिना झाला नसेल तोच तिनं जेवताना सांगितलं की बोरिवलीच्या एका शाळेत नोकरी मिळाली आहे, मराठी आणि संस्कृत शिकवायचं आहे, आणि तिथेच एक खोली बघितली आहे.

अण्णांनी घास परत पानात ठेवला. "खोली कशाला? बोरिवली काय लांब आहे? गाडीनं ये-जा कर."

"सकाळची शाळा आहे, दादा."

"कारणं सांगू नकोस. एकटी बाई खोली घेऊन राहते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? भावानं बाहेर काढली म्हणतील."

"मी सांगेन त्यांना, काढली नाही म्हणून."

"सोळा वर्षांत तुला इथे काय कमी पडलं, ते सांग मला."

आत्यानं खूप विचार केला. अण्णांना दुखवणार नाही असं उत्तर ती शोधत होती आणि ते तिला सापडत नव्हतं. शेवटी म्हणाली, "काही नाही कमी पडलं, दादा. खरंच काही नाही."

अण्णा पानावरून उठले. दोन दिवस बोलले नाहीत. आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "उद्यापासून सगळं मला एकटीला करावं लागणार म्हणून रडतेय मी. खोटं कशाला बोलू?" मग फडताळातून तिनं एक पातेलं काढलं, दोन वाट्या, झारा, एक तवा, आणि आत्याच्या पिशवीत भरले. तवा परत बाहेर काढला, त्याच्या जागी चांगला घातला.

त्या वर्षी भाऊबीजेला आत्या सकाळी दहाला आली. एरवी भाऊबीजेला ती घरातच असायची. स्वयंपाक करता करता मध्येच हात पुसून अण्णांना ओवाळायची आणि परत चुलीकडे जायची. या खेपेला आईनं तिला पाटावर बसवलं, आधी चहा, मग फराळाचं ताट. आत्या दोनदा उठून आत जायला निघाली आणि दोन्ही वेळा आई म्हणाली, "बसा हो वन्सं, आज तुम्ही पाहुण्या." तिनं अण्णांना ओवाळलं. अण्णांनी तबकात पातळ घातलं आणि बराच वेळ तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. चार वाजता ती निघाली. कुणीही तिला राहा म्हणालं नाही. तसं म्हणायची कुणाला सवयच नव्हती. बाळा स्टेशनपर्यंत पोचवायला गेला.

डिसेंबरात, एका रविवारी, मी तिच्याकडे बोरिवलीला गेले. स्टेशनपासून वीस मिनिटं चालायचं, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, मग रामनाथ म्हात्र्यांची वाडी. वाडीच्या टोकाला पडवीची एक खोली त्यांनी तिला दिली होती. रामनाथांची आई सखुबाई बाहेर चिंचा सुकवत बसली होती. "मास्तरीणबाईंकडं का? आहेत, आहेत. येतं कोण त्यांच्याकडं!" ती म्हणाली.

खोलीत एक खाट, स्टोव्ह, फळीवर पुस्तकं, दोरीवर दोन पातळं. सगळं नीटनेटकं आणि अगदी शांत. आत्या मला पाहून एवढी खूश झाली की काय करावं ते तिला सुचेना. तिनं चहा केला आणि साखर दोनदा घातली. आम्ही खूप बोललो, म्हणजे मीच बोलले. माझं लग्न ठरत होतं, त्याबद्दल. मग बोलण्यासारखं संपलं आणि बाहेर उजेड उतरू लागला. सखुबाई कोंबड्यांना हाकारत होती.

मी विचारलं, "एकटं वाटतं का गं?"

"वाटतं," ती म्हणाली. "दिवेलागणीला फार. रविवार तर संपत नाही. परवा माझाच आवाज ऐकून दचकले. धडा मोठ्यानं वाचत होते."

"मग ये ना परत. अण्णा काही म्हणणार नाहीत."

"तिथेही वाटायचंच, शुभा. पाच माणसांत बसून एकटं वाटतंय म्हटलं असतं तर तुम्हाला राग आला असता. आणि बरोबरच होतं ते. इथे कुणाला राग येत नाही."

ती उठून स्टोव्ह पेटवायला लागली. भात टाकताना तिनं मूठभर तांदूळ घेतले, माझ्याकडे पाहिलं, अजून मूठभर घेतले, आणि मग पुन्हा पेल्यानं मोजून बघितले. इतकी वर्षं पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोघींच्या भाताचा अंदाज येत नव्हता. मी राहते म्हणाले. खाट तिनं मला दिली आणि स्वतः खाली चटईवर झोपली. मी कितीही सांगितलं तरी ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी मला जाग आली तेव्हा तिची आंघोळ झाली होती, वेणी झाली होती, खांद्याला पिशवी होती. "शाळेला जाते," ती म्हणाली. "चहा झाकून ठेवलाय. जाताना कडी घाल नुसती, सखुबाई आहेत." तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि ती गेली. शेतातल्या पायवाटेनं तिला जाताना मी दारातून पाहिलं. भराभर चालत होती.

मी आत आले. चहा प्यायले. कप विसळला. अंथरूण घडी केलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून खाटेवर बसून राहिले. बाहेर सखुबाई वाडीच्या त्या टोकाला गेली असावी, तिचाही आवाज येत नव्हता. आत्या दुपारी एकला येणार होती. रोज या वेळी खोली अशीच असणार आणि आत्या आली तरी अशीच असणार, फक्त तेव्हा आत ती असणार, असं माझ्या मनात आलं. माझी गाडी साडेनऊची होती. पण मला तिथे बसवेना, म्हणून सव्वाआठलाच कडी घातली आणि निघाले. स्टेशनवर जाऊन तासभर बसले.